इंदुरी खत व त्याचा प्रवास

शहरांतील मोठ्या दुकानांत आज 'सेंद्रिय' हा शब्द छापलेल्या पुड्या ओळीनें मांडलेल्या दिसतात. गूळ, तूरडाळ, हळद, तांदूळ, फार काय, तान्ह्या मुलांचीं झबलींहि या एका शब्दाच्या बळावर चार पैसे अधिक घेऊन विकलीं जातात. या शब्दाविषयीं आमच्या सुशिक्षित वर्गांत दोन मतें आढळतात. एका पक्षाच्या मतें ही शेती म्हणजे आमच्या पूर्वजांची सनातन शेती असून परकीयांनीं व त्यांच्या रसायनांनीं ती बुडविली. दुसऱ्या पक्षाच्या मतें हें सारें पोट भरलेल्या पाश्चात्त्यांचें वेड असून अर्धपोटीं देशानें त्याच्या नादीं लागणें म्हणजे आत्मघात होय.

आमच्या मतें या दोन्ही पक्षांस इतिहास सारखाच अडचणीचा आहे. इंग्रजी बोलणाऱ्या देशांतील सेंद्रिय शेतीची उभारणी ज्या खतावर झाली, तें खत ऋषींच्या आश्रमांत निघालें नाहीं व लंडनच्या दिवाणखान्यांतहि निघालें नाहीं. तें १९२४ ते १९३१ या सात वर्षांत होळकरांच्या इंदुरांत, कापसाच्या संशोधनासाठीं काढलेल्या एका संस्थेच्या गोठ्यामागें तयार झालें. एका इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञानें व एका मराठी आडनांवाच्या रसायनशास्त्रज्ञानें मिळून त्याची कृति लिहून काढली. तेथून तें विलायतेस गेलें. तेथें त्यास नवें नांव मिळालें. आणि सत्तर वर्षांनीं शिक्का व दाखला घेऊन तें परत आलें. या प्रवासाची हकीकत सांगावी, आणि ती सांगतां सांगतां आज अशी शेती करणाऱ्यास आपण कोणतें साह्य देतों व कोणतें देत नाहीं याचाहि विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम जुन्या शेतीविषयीं. आमच्या कुणब्यास खताचें महत्त्व कळत नव्हतें असें म्हणणें निखालस खोटें होय. पिकांची फेरपालट, ज्वारींत तुरीची ओळ, तागाचें हिरवळीचें खत, तळ्यांतील गाळ शेतांत पसरणें, धनगराच्या मेंढ्या रात्रीं रानांत बसवून त्याबद्दल त्यास धान्य देणें, या गोष्टी दख्खनांत पिढ्यान् पिढ्या चालत आल्या आहेत. १८८९ सालीं येथील शेतीची पाहणी करण्यास डॉ. जॉन ऑगस्टस व्होएल्कर नांवाचे रसायनज्ञ विलायतेहून आले. येथील उत्तम शेतकरी सामान्य इंग्रज शेतकऱ्याच्या तोडीचा, किंबहुना कांहीं बाबतींत त्याहून सरस आहे, असा निर्वाळा त्यांनीं १८९३ च्या आपल्या अहवालांत दिला. हा निर्वाळा आमच्या पहिल्या पक्षास मोठा प्रिय आहे.

परंतु त्याच अहवालांत दुसरी एक गोष्ट आहे, व ती तितकी प्रिय नाहीं. सरपण मिळत नाहीं म्हणून शेणाच्या गोवऱ्या थापून जाळल्या जातात व शेताचें अन्न चुलींत जातें, हें व्होएल्कर यांनीं स्पष्ट लिहिलें आणि त्यावर उपाय म्हणून गांवोगांव सरपणाचीं रानें राखावीं असें सुचविलें. जें शेण चुलींतून वांचे तें उकिरड्यावर पडे. त्या उकिरड्यास उन्हाळ्यांत ऊन वाळवी व पावसाळ्यांत पाणी धुऊन नेई. गुरांचें मूत्र तर गोठ्याच्या जमिनींत मुरून कायमचें नाहींसें होई. सारांश, जुन्या शेतीचें तत्त्व खरें होतें, पण तिचें मडकें गळकें होतें.

हें मडकें गळत असतां युरोपांत निराळाच विचार चालू होता. १८४० सालीं जर्मन रसायनज्ञ लीबिग यानें वनस्पतींच्या पोषणाचा विचार खनिज द्रव्यांच्या अंगानें मांडला. १८४२ सालीं लॉझ या इंग्रज जमीनदारानें हाडांवर व खनिजांवर आम्लाची क्रिया करून सुपरफॉस्फेट करण्याचा हक्क मिळविला, आणि पुढल्याच वर्षीं रोथॅमस्टेड येथें त्याचे सुप्रसिद्ध प्रयोग सुरू झाले. १९१३ सालीं जर्मनींत ओप्पाऊ येथें हवेंतील नत्र बांधून अमोनिया करणारा कारखाना निघाला, आणि ज्या नत्रासाठीं शेतकरी शेणाच्या पाटीकडे पाहत असे तें आतां गोणींत मिळूं लागलें. या शोधांची निंदा करणें सोपें आहे. तथापि आज जगांतील फार मोठ्या लोकसंख्येच्या ताटांतलें अन्न या नत्रावर पिकतें, हें विसरून लिहिणाऱ्यास इतिहासकार म्हणतां येणार नाहीं.

आतां आमच्या कथेचे नायक. आल्बर्ट हॉवर्ड हे १८७३ सालीं इंग्लंडांतील श्रॉपशायर परगण्यांत एका शेतकऱ्याच्या घरीं जन्मले. केंब्रिजचें शिक्षण व वेस्ट इंडीज बेटांतील नोकरी संपवून ते १९०५ सालीं बिहारांतील पुसा येथल्या सरकारी कृषिसंस्थेंत वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाले. त्याच वर्षीं त्यांचा विवाह झाला. त्यांच्या पत्नी गॅब्रिएलबाई या स्वतः केंब्रिजमध्यें शिकलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या, आणि पुसाच्या गव्हाच्या ज्या सुधारलेल्या जाती पुढें प्रसिद्धीस आल्या त्यांचें श्रेय या पतिपत्नींस सारखेंच आहे. पुसास हॉवर्डसाहेबांस जमिनीचा एक तुकडा स्वतंत्र प्रयोगांसाठीं मिळाला होता. तेथें त्यांनीं भोंवतालच्या रयतेची शेती निरखिली. आपले दोन गुरु, एक हिंदी शेतकरी व दुसरे पिकांवरील रोग आणि किडी, असें ते पुढें सांगत. कीड ही शत्रु नसून कोठें चुकलें हें दाखविणारी खूण आहे, हा त्यांचा सिद्धांत येथेंच रुजला. तो सर्वत्र खरा ठरतो असें आधुनिक शास्त्र म्हणणार नाहीं. परंतु त्यानें त्यांची दृष्टि पानावरून मुळाकडे व मुळावरून मातीकडे वळविली यांत संशय नाहीं.

सरकारी संशोधनाची तऱ्हा त्या काळीं अशी होती (आजहि ती फारशी निराळी नाहीं) कीं, बियाणें पाहणारा एक, कीड पाहणारा दुसरा, माती पाहणारा तिसरा. अखंड पीक पाहणारा मात्र कोणीच नाहीं. या विभागणीस कंटाळून हॉवर्डसाहेबांनीं स्वतंत्र संस्थेची कल्पना पुढें आणली. कापसावरील करांतून चालणाऱ्या इंडियन सेंट्रल कॉटन कमिटीनें व मध्यहिंदुस्थानांतील संस्थानांनीं पैसा दिला, होळकर दरबारानें सुमारें ३०० एकर जमीन दिली, आणि १९२४ सालीं इंदुरास इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री ही संस्था निघाली. तिचें मूळ काम कापूस सुधारणें हें होतें. परंतु काळ्या जमिनींत कापूस सुधारावयाचा तर प्रथम त्या जमिनीस खावयास काय द्यावयाचें, हा प्रश्न आला, आणि त्याचें उत्तर शोधतां शोधतां मूळ कामाहून मोठें काम हातून झालें.

या संस्थेंत रसायनविभागाचे मुख्य साहाय्यक यशवंतराव वाड हे होते. १९३१ सालीं ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसनें शेतींतील टाकाऊ द्रव्यांच्या उपयोगावर जें इंग्रजी पुस्तक छापलें, त्याच्या मुखपृष्ठावर दोन नांवें आहेत: हॉवर्ड व वाड. आमच्या वाचकांपैकीं ज्यांनीं पहिलें नांव ऐकलें आहे त्यांतील किती जणांनीं दुसरें ऐकलें आहे, हें त्यांनीं स्वतःशींच पाहावें.

त्या पुस्तकांतील कृति थोडक्यांत अशी. पऱ्हाट्या, तुराट्या, उंसाचें पाचट, तण, पालापाचोळा, जें जें शेतांत उरतें तें सर्व गोळा करून वाळवावयाचें. कठीण काड्या रस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखालीं चिरडून घ्यावयाच्या. मग हें मिश्रण गुरांच्या पायांखालीं अंथरावयाचें. गोठ्यांत फरशी न बसवितां माती ठेवावयाची. मूत्र तींत मुरलें कीं ती माती काढून दुसरी भरावयाची. पुढें ३० फूट लांब, १४ फूट रुंद व दोनतीन फूट खोल अशा खड्ड्यांत या अंथरुणाचे थर द्यावयाचे, आणि प्रत्येक थरावर शेणाचा काला, मूत्र मुरलेली माती व चुलींतील राख शिंपडावयाची. जुन्या खड्ड्यांतील अर्धवट कुजलेलें खत विरजणासारखें त्यांत घालावयाचें. पाणी बेतानें द्यावयाचें. फार झालें तर हवा कोंडते, थोडें झालें तर कुजणें थांबतें. पंधरवड्यानें, महिन्यानें व दोन महिन्यांनीं असें तीनदां तें खालवर करावयाचें. तीन महिन्यांत काळें, भुसभुशीत, दुर्गंधि नसलेलें खत तयार होतें.

यांत नवें काय, असें कोणी विचारील. चिनी शेतकरी हजारों वर्षें असेंच कांहीं करीत आले होते, व अमेरिकन प्राध्यापक किंग यांच्या १९११ सालीं छापलेल्या पुस्तकांतून हॉवर्डसाहेबांस तें माहीत होतें. रोथॅमस्टेडच्या शास्त्रज्ञांनीं १९२१ सालीं रासायनिक द्रव्यें घालून काडाचें कृत्रिम शेणखत करून दाखविलें होतें. इंदूरची थोरवी शोधापेक्षां हिशेबांत आहे. कच्च्या मिश्रणांत कर्ब व नत्र यांचें प्रमाण ३३ ला १ च्या आसपास असलें म्हणजे कुजण्याची क्रिया नीट चालते, व खत तयार होईपर्यंत तें १० ला १ च्या जवळ येतें. नुसतें काड जमिनींत गाडलें तर तें कुजविणारे सूक्ष्म जीव जमिनींतलेंच नत्र ओढून घेतात व पीक पिवळें पडतें. हा अनुभव शेतकऱ्यास होता, त्याचें कारण येथें आंकड्यांनीं कळलें. जी गोष्ट चांगल्या शेतकऱ्याच्या हातांत होती ती कोणाहि शेतकऱ्यास शिकवितां येईल अशी करणें, हें शास्त्राचें खरें काम. तें इंदुरास झालें, व त्यासाठीं बाहेरची एक गोणहि विकत आणावी लागली नाहीं.

१९३० सालीं गॅब्रिएलबाई वारल्या व पुढल्या वर्षीं हॉवर्डसाहेब हिंदुस्थान सोडून गेले. त्यांच्या मागोमाग त्यांचें खतहि निघालें. केनियांतील कॉफीचे मळे, आसाम व लंकेंतील चहाचे मळे येथें इंदुरी पद्धति सुरू झाली. १९४० सालीं हॉवर्डसाहेबांचें 'अॅन अॅग्रिकल्चरल टेस्टामेंट' प्रसिद्ध झालें. त्याच वर्षीं लॉर्ड नॉर्थबोर्न यांच्या पुस्तकांत 'ऑर्गॅनिक' शेती हा शब्द प्रथम आला. १९४२ सालीं अमेरिकेंत जेरोम रोडेल यांनीं त्या नांवाचें मासिक काढलें. १९४३ सालीं ईव्ह बॅलफोर या विदुषीनें जिवंत मातीवर पुस्तक लिहिलें व १९४६ सालीं इंग्लंडांत सॉइल असोसिएशन स्थापन झाली. अशा रीतीनें होळकरशाहींतला गोठा पंधरा वर्षांच्या आंत दोन खंडांतील चळवळीचें मूळ होऊन बसला.

येथें शब्दाविषयीं दोन अक्षरें लिहिलीं पाहिजेत. नॉर्थबोर्न यांच्या मनांत 'ऑर्गॅनिक' म्हणजे एखाद्या प्राण्याच्या देहासारखें परस्परावलंबी, आपल्यापुरतें पूर्ण असें शेत. आम्हीं मात्र त्या शब्दाचें भाषांतर रसायनशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांतून उचललें व 'सेंद्रिय' म्हटलें. आतां त्या पुस्तकाप्रमाणें पाहूं गेल्यास यूरिया हाहि सेंद्रियच पदार्थ ठरतो. १८२८ सालीं वोलर या रसायनज्ञानें निरिंद्रिय द्रव्यांपासून प्रथम बनविलेला सेंद्रिय पदार्थ म्हणून तर त्याचें नांव शास्त्राच्या इतिहासांत अमर आहे! हा केवळ शब्दच्छल नव्हे. मूळ कल्पना शेताच्या रचनेविषयीं होती. आमच्या हातीं येईपर्यंत ती पुडींत काय आहे व काय नाहीं एवढ्यावर येऊन ठेपली. पुढील बराच घोटाळा याच फरकांतून निघाला आहे.

स्वदेशीं काय झालें? १९४७ च्या डिसेंबरांत मीराबेन यांच्या पुढाकारानें दिल्लीस अखिल भारतीय कंपोस्ट परिषद भरली व गांधीजींनीं 'हरिजन'मध्यें तिची दखल घेतली. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत हॉवर्डसाहेब वारले होते. परंतु १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाची आठवण ताजी होती, फाळणीनें गव्हाचा मोठा प्रदेश गेला होता, आणि नव्या राष्ट्रास धान्य हवें होतें. १९५१ सालीं सिंद्रीचा खतकारखाना सुरू झाला. १९६६ सालीं मेक्सिकोहून ठेंगण्या गव्हाचें सुमारें १८,००० टन बियाणें आलें. या बियाण्यास नत्र भरपूर दिल्याशिवाय त्याचा गुण दिसत नव्हता. ज्यांनीं परदेशी जहाजांच्या धान्यावर देश जगलेला पाहिला त्यांस हा मार्ग चुकला असें आज खुर्चींत बसून सांगणें आम्हांस शोभत नाहीं. चूक झाली ती निराळी. गोणी घेतांना खड्डा सोडावयाचें कांहींच कारण नव्हतें; आम्हीं तो सोडला.

कां सोडला, याचें उत्तर आळसांत शोधण्यापेक्षां अंकगणितांत शोधावें. यूरियाच्या ४५ किलोंच्या गोणींत सुमारें २० किलो नत्र असतें. चांगल्या शेणखतांत शेंकडा अर्धा भाग नत्र धरलें तर तितकें नत्र मिळण्यास चार टन खत लागेल. अर्थात् खतांत नत्राखेरीज पुष्कळ कांहीं असतें, व तें जमिनीचा पोत सुधारतें, पाणी धरून ठेवतें; गोणीस हें साधत नाहीं. परंतु चार टन खत गोळा करावयाचें, तीनदां खालवर करावयाचें, वाहून न्यावयाचें व पसरावयाचें, याची मजुरी शेतकऱ्याच्या अंगावर पडते. आणि गोणी मात्र सरकारनें गेलीं कांहीं वर्षें अडीचशें रुपयांच्या आसपास ठेवली आहे. २०२२-२३ या एका वर्षांत केंद्र सरकारचें खतांवरील अनुदान अडीच लाख कोटी रुपयांवर गेलें. शेजाऱ्याच्या डोक्यावर पांच रुपयांची फुकट पाटी असतां आपण दहा रुपये मजुरीची पाटी उचलावी, अशी अपेक्षा करणाऱ्या उपदेशकानें एकदां तरी ती पाटी उचलून पाहावी.

तथापि विचार मेला नव्हता. विदर्भांत पुसद येथील ना. दे. पांढरीपांडे यांनीं सच्छिद्र भिंतींच्या विटांच्या टाकींत, थोडें शेण व पुष्कळ काडीकचरा आणि माती यांचे थर देऊन खत करण्याची रीत बसविली. ती त्यांच्याच नांवाच्या अक्षरांवरून 'नाडेप' म्हणून देशभर गेली. दहा फूट लांब, सहा फूट रुंद व तीन फूट उंच अशी ही टाकी. हॉवर्ड-वाड यांच्या खड्ड्यास भरपूर गुरें लागत; नाडेपची टाकी गुरें कमी झालेल्या काळाची आहे. इंदुरी विचाराचा हा खरा वारसा होय, कारण त्यानें आपल्या काळाचा हिशेब केला.

दुसऱ्या बाजूनें तो विचार विलायतेहून बाजाराच्या वाटेनें परत आला. १९७२ सालीं सेंद्रिय चळवळींचा जागतिक संघ फ्रान्सांत स्थापन झाला. १९९० सालीं अमेरिकेनें व १९९१ सालीं युरोपीय राष्ट्रांनीं सेंद्रिय मालाविषयीं कायदे केले. तेथें माल विकावयाचा तर येथें दाखला हवा, म्हणून २००१ सालीं भारताचा राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम सुरू झाला. त्याच्या सामान्य नियमाप्रमाणें हंगामी पिकांच्या जमिनीस दोन वर्षें व फळबागांस तीन वर्षें संक्रमणाचीं धरलीं जातात. या काळांत शेतकऱ्यानें रसायनें सोडलेलीं असतात, जमीन सांवरलेली नसते, उत्पन्न बहुधा घटतें. आणि माल सेंद्रिय म्हणून विकण्याचा अधिकार मात्र नसतो. म्हणजे परीक्षा अवघड, शुल्क भरलेलें, आणि निकाल तीन वर्षांनीं.

आमच्या परिचयाचे अमरावतीकडील एक कापूसवाले गृहस्थ या परीक्षेस बसले होते. पहिल्या वर्षीं त्यांनीं खड्डे भरले, दुसऱ्या वर्षीं उत्पन्न घटलें, आणि तिसऱ्या वर्षीं मुलीचें लग्न निघालें तेव्हां त्यांनीं गोण्या आणल्या. 'गुरुजी, जमीन थांबली असती, सावकार थांबेना,' एवढेंच ते आम्हांस म्हणाले. त्यांस निश्चय नव्हता असें म्हणण्याचा आम्हांस धीर होत नाहीं. महिना भरतांच वेतन हातीं पडणाऱ्यानें दुसऱ्याच्या निश्चयाचें माप घेऊं नये.

कापसाचाच विषय निघाला म्हणून सांगतों. इंदूरची संस्था कापसासाठीं निघाली होती, व आज जगांत सेंद्रिय कापूस पिकविण्यांत भारत अग्रेसर आहे. हा योगायोग अभिमानाचा वाटावा. परंतु २००२ सालीं बीटी कापसास परवानगी मिळाल्यापासून साधें सरकीचें बियाणें मिळणेंच कठीण झालें, आणि सेंद्रिय शेतींत बीटी चालत नाहीं. त्यावर कळस म्हणजे २०२० सालीं सेंद्रिय वस्त्रांच्या जागतिक मानकसंस्थेनें भारतांत खोट्या दाखल्यांवर विकलेला सुमारें २०,००० टन कापूस उघडकीस आणला. खरा सेंद्रिय कापूस पिकविणाऱ्या शेतकऱ्याच्या नांवास यानें जो बट्टा लागला तो कोणत्याहि अनुदानानें पुसणारा नाहीं. विश्वास हाच ज्याचा अर्धा भाव, त्याचा विश्वास चोरणें म्हणजे खळें लुटणेंच होय.

सरकारनें कांहींच केलें नाहीं असें मात्र नव्हे. २०१५ सालीं परंपरागत कृषि विकास योजना निघाली. आरंभींच्या नियमांप्रमाणें पन्नास शेतकऱ्यांनीं पन्नास एकरांचा गट करावा व त्यांस तीन वर्षांत एकरीं वीस हजार रुपयांचें साह्य मिळावें, अशी ती होती. शेजाऱ्यांनीं शेजाऱ्यांचीं शेतें तपासून एकमेकांची हमी द्यावी, असा स्वस्त दाखलाहि तिच्या जोडीस आला. २०१८ सालीं महाराष्ट्र शासनानें विदर्भांतील आत्महत्यांनीं ग्रासलेल्या सहा जिल्ह्यांसाठीं डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नांवानें जैविक शेतीचें कार्य सुरू केलें. हे सर्व प्रयत्न योग्य दिशेचे आहेत.

या दिशेनें किती वेगानें चालावें याचे दोन धडे अलीकडच्या इतिहासांत आहेत. सिक्कीमनें २००३ सालीं सेंद्रिय होण्याचा संकल्प केला, २०१० सालीं त्यासाठीं स्वतंत्र यंत्रणा उभारली, २०१४ सालीं कायदा केला आणि २०१६ च्या जानेवारींत संपूर्ण सेंद्रिय राज्य म्हणून त्याची घोषणा झाली; सुमारें ७५,००० हेक्टर जमीन व तेरा वर्षें. तेथें मुळांत रासायनिक खत फारच कमी वापरलें जात असे, हें विसरतां कामा नये. लंकेनें हीच गोष्ट २०२१ सालीं एका हुकुमानें करूं पाहिली. त्या वर्षाच्या उन्हाळ्यांत रासायनिक खतांची आयात बंद झाली, भाताचें पीक कोसळलें, चहा घटला, आणि नोव्हेंबरांत हुकूम मागें घ्यावा लागला. ज्या लंकेच्या मळ्यांत पूर्वीं इंदुरी खत पद्धतशीर शिकवून रुजविलें होतें, तेथेंच तें हुकुमानें रुजत नाहीं हें सिद्ध झालें. दोष खताचा नव्हता. खत तीन महिन्यांत होतें. शेतकरी व जमीन तीन महिन्यांत होत नाहींत.

मग साह्य कोणतें द्यावें? आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, आजवरचें बहुतेक साह्य विकल्या जाणाऱ्या वस्तूस मिळत आलें आहे. रासायनिक गोणी विकली जाते, तिला अनुदान आहे. २०१६ सालीं शहरांतील कचऱ्याच्या खतास टनामागें १,५०० रुपयांचें साह्य ठरलें. २०२३ सालीं गोबरवायूच्या कारखान्यांतून निघणाऱ्या खतासहि तसेंच ठरलें. तें खत बाजारांत येतें, त्याची पावती होते, म्हणून त्याचा हिशेब सरकारास दिसतो. शेतकऱ्यानें आपल्या गोठ्यामागें केलेलें खत कोणी विकत नाहीं व कोणी घेत नाहीं. त्याची पावती नाहीं, म्हणून सरकारच्या लेखीं तें नाहींच. २००५ च्या रोजगारहमी कायद्याखालीं नाडेपची टाकी बांधण्याचें काम मान्य झालें. टाकी बांधण्याची मजुरी मिळाली, पण ती भरण्याची मिळाली नाहीं. गांवोगांव रिकाम्या टाक्या उभ्या राहतात त्याचें मर्म येथें आहे.

तेव्हां आमच्या मतें तीन गोष्टी व्हाव्यात. पहिली, भरलेल्या खड्ड्याची व खालवर केलेल्या खताची मजुरी शेतकऱ्यास मिळावी. गांवच्या पांच शेजाऱ्यांनीं खड्डा पाहून सही केली कीं पुरे. दुसरी, संक्रमणाच्या दोनतीन वर्षांत त्याच्या उत्पन्नाची घट भरून निघावी. तिसरी, साध्या कापसाचें व इतर पिकांचें शुद्ध बियाणें कृषिविद्यापीठांनीं पुरवावें. यांतील एकहि गोष्ट रासायनिक खतावर बंदी घालण्यास सांगत नाहीं. गोणीच्या पारड्यांत इतकीं वर्षें जें वजन घातलें, त्याचा लहानसा अंश दुसऱ्या पारड्यांत घालावा व मग शेतकऱ्यानें आपला निवाडा स्वतः करावा, एवढेंच आमचें मागणें आहे. यावर कोणी म्हणेल कीं शेजाऱ्यांच्या सहीनें लबाडी होईल. होईल; परंतु दूरदेशींच्या मोहोरबंद दाखल्यांनींहि ती थांबली नाहीं हें आपण पाहिलेंच आहे, आणि शेजाऱ्याचा खड्डा भरला आहे कीं नाहीं हें गांवास नाकानेंहि कळतें.

इंदूरच्या त्या जागेवर आज कृषिमहाविद्यालय आहे. १९३१ सालच्या त्या पुस्तकाचें मराठी रूपांतर प्रत्येक शेतकी शाळेंत असावें, व त्यावर हॉवर्ड यांच्या नांवाशेजारीं वाड यांचें नांव तितक्याच मोठ्या अक्षरांत छापावें, असें आम्हांस वाटतें. हा मान केवळ एका गृहस्थाचा नव्हे. साहेबानें खड्ड्याकडे बोट दाखविलें असेल. त्यांतील नत्र मोजणारे, काड्या चिरडणारे, गोठ्यांतील माती उपसणारे व भर पावसांत खत खालवर करणारे हात येथलेच होते. त्या हातांची मजुरी आम्हीं अजून चुकती केलेली नाहीं.